दर कमी झाले म्हणता, मग आमच्या मीटरवर का दिसत नाही?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ राहते. तुमचा पेपर आमच्याकडे लग्न होऊन आले तेव्हापासून येतो, पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय. विषय वीजबिलाचा आहे आणि पत्र लांबणार आहे. जागा कमी पडली तर माझं बोलणं कापा पण आकडे कापू नका, कारण ते आकडे काढायला मी दोन रविवार घालवलेत.

झालं असं की आमच्या वरच्या मजल्यावर दोन मुलं भाड्याने राहतात, चाळीसगावकडची आहेत, अंबड एमआयडीसीत कामाला. त्यांना वेगळा जिना, वेगळं किचन, वेगळी मोरी सगळं आहे, फक्त मीटर वेगळा नाही. आमच्याच मीटरवरून लाइन दिलीय आणि मध्ये सबमीटर, म्हणजे त्यांची युनिटं वेगळी मोजणारा छोटा मीटर, बसवलाय. युनिटला १२ रुपये घेतो आम्ही, गल्लीत सगळेच तेवढे घेतात. तर ऑगस्ट २०२५ मध्ये बिल आलं तेव्हा त्यातला एक जण खाली येऊन म्हणाला, काकू, पेपरात आलंय जुलैपासून वीज १० टक्के स्वस्त झाली, मग आपला १२ चा रेट कमी होणार का? अगदी साधेपणाने विचारलं त्याने. आणि मला उत्तर देता येईना, कारण आमचं बिल तर कमी आलंच नव्हतं. म्हणलं थांब, बघून सांगते.

मग बिल घेऊन बसले. तुम्हाला माहितीच असेल पण तरी सांगते, आपल्याकडे घरगुती वीजेचे चार स्लॅब आहेत, १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्याच्या वर चौथा. बऱ्याच जणांना वाटतं १०१ वं युनिट पडलं की सगळ्याच युनिटांना वरचा रेट लागतो, तसं नाहीये, पहिली १०० कायम स्वस्तातच धरतात आणि त्याच्या पुढच्यांनाच पुढचा रेट लागतो. रेट आपल्या इथल्या ऑफिसात कोणी ठरवत नाही, तो महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे. आधी वीज कंपनी, म्हणजे महावितरण, याचिका टाकते, मग लोकांच्या हरकती मागवतात, मग आदेश निघतो. तर १ जुलै २०२५ पासून नवीन दर आले त्यात युनिटमागचं सगळं मिळून, म्हणजे फिक्स चार्ज आणि वीज शुल्क सोडून, पहिल्या १०० ला ६.३२ चे ५.७४ झाले. हेच ते १० टक्के, हिशोबाने ९ च्या जवळपास. पण १०१ ते ३०० ला १२.२३ चे १२.५७ झाले, म्हणजे वाढले. ३०१ ते ५०० ला १६.७७ चे १६.८५ आणि ५०० च्या वर १८.९३ चे १९.१५. तेही वाढलेच.

आता याचा हिशोब घरात कसा बसतो बघा. पहिल्या १०० युनिटांवर ५८ रुपये वाचतात, हे खरं. पण त्याच्यानंतरच्या प्रत्येक युनिटला ३४ पैसे जास्त जातात. म्हणजे ते वाचलेले ५८ रुपये हळूहळू संपत जातात आणि साधारण २७० युनिटला पूर्ण संपतात. २७० च्या आत असाल तर बिल थोडं तरी कमी, २७० च्या पुढे गेलात तर जास्त. १५० युनिटवाल्याचे ४१ रुपये वाचतात, १०० वाल्याचे ५८, आणि ३०० वाल्याला १० रुपये वाढतात. हा २७० चा आकडा मला कुठेच वाचायला मिळाला नाही. मुख्यमंत्र्यांनी जून २०२५ मध्ये सांगितलं की पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत २६ टक्के दर कमी होतील, आणि ७० टक्के ग्राहक १०० युनिटच्या आतलेच आहेत, त्यांना १० टक्क्यांचा फायदा सगळ्यात जास्त. ते ऐकून ज्याच्या त्याच्या डोक्यात १० टक्केच बसले. पण उरलेल्या ३० टक्क्यात आपण कुठे बसतो ते ज्याचं त्यालाच शोधावं लागतंय.

आमचं मीटर होतं २९० युनिटवर. खाली आम्ही पाच माणसं, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळं धरून २००, आणि वरच्या मुलांची ९०. २९० म्हणजे २७० च्या वर. तर आमच्या मीटरवर दरकपात शून्य, उलट सहा-सात रुपये जास्तच.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं झालं, पोराला सांगून टाकू की बाबा आपल्याला नाही मिळत. पण मग डोक्यात आलं की ती मुलं तर फक्त ९० युनिटच वापरतात ना. दोघंही सकाळी जातात, शिफ्ट करून येतात, एक पंखा, दोन ट्यूब, मोबाइल चार्जिंग आणि एक इंडक्शन शेगडी. ज्यांच्यासाठी ही १० टक्के सवलत आहे म्हणतात ते ग्राहक म्हणजे हीच मुलं, पण ती माझ्या मीटरच्या आत लपलीयत म्हणून त्यांच्यापर्यंत ती पोचतच नाही.

मग वेगळा हिशोब करून बघितला. समजा त्यांचा मीटर वेगळा असता, तर ९० युनिटांचे ५.७४ ने ५१७ रुपये, आमच्या २०० चे १,८३१, दोन्ही मिळून २,३४८. आणि आत्ता एकत्र मीटरवर २९० चे होतात २,९६२. दर महिन्याला ६१५ रुपयांचा फरक! दुसऱ्या मीटरचा फिक्स चार्ज सव्वाशे-दीडशे रुपये जास्त भरावा लागेल, तो वजा केला तरी साडेचारशेच्या वर राहतात. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं ते वेगळंच.

अजून एक गोष्ट कळली ती ऐकून माझे मिस्टर पण गप्प बसले. आम्ही त्यांच्याकडून १२ ने ९० युनिटांचे १,०८० घेत होतो. त्यांचा स्वतःचा मीटर असता तर फिक्स चार्ज आणि शुल्क धरून त्यांना साडेसातशेच्या आसपास पडलं असतं. म्हणजे मुलं सव्वातीनशे रुपये जास्त भरतायत. पण त्यांची ९० युनिटं आमच्या २०० च्या वर बसतात, म्हणजे ती सगळीच्या सगळी १२.५७ च्या स्लॅबमध्ये पडतात, वर १६ टक्के शुल्क, तर त्यांच्यामुळे आमचं बिल वाढतं १,३१२ ने. घेतो १,०८०, भरतो १,३१२. म्हणजे ते पण जास्त भरतायत आणि आम्ही पण पदरचे २३० रुपये घालतोय, आणि इतके दिवस आम्हाला वाटत होतं आम्ही भाडेकरूला बरोबर रेट लावलाय, आणि त्यांना वाटत असणार काकू जास्त घेतात! कोणीच कोणाला लुटत नव्हतं, नुसतं एका मीटरवर दोन घरं होती.

सिडको, अंबड, सातपूर, कामटवाडे, पाथर्डी फाटा, या सगळ्या पट्ट्यात अशी किती घरं असतील विचार करा. कामगार आहेत, आयटीआयची, इंजिनिअरिंगची पोरं आहेत, नवीन लग्न झालेली जोडपी आहेत. ही सगळी कमी युनिटवाली माणसं आहेत आणि यातली कितीतरी दुसऱ्याच्या मीटरवर आहेत. दर वाढला की मालक सबमीटरचा रेट लगेच १० चा १२ करतो, कमी झाला की कोणी ११ करत नाही, कारण मालकाचं स्वतःचं बिल कमी झालेलंच नसतं. हे मला आधी कळलं नव्हतं म्हणून मुद्दाम लिहितेय. भाडेकरूने मालकाशी भांडून उपयोग नाही, वेगळा मीटर मागावा, आणि मालकाने नाही म्हणू नये. आम्ही अर्ज केलाय.

एकत्र कुटुंबाचं पण तसंच आहे. आमच्या शेजारी तीन भाऊ एका घरात, अकरा माणसं, एक मीटर, ३५० युनिट. माणशी बघितलं तर ३२ युनिट सुद्धा होत नाहीत, पण मीटर माणसं मोजत नाही, तो म्हणतो तुम्ही तिसऱ्या स्लॅबचे. आणि फ्लॅटमध्ये एकटा राहणारा माणूस ९० युनिट जाळतो तो पहिल्या स्लॅबचा. स्लॅब असूच नयेत असं माझं म्हणणं अजिबात नाही, एका बल्बवर राहणाऱ्या म्हातारीला स्वस्तातच वीज मिळाली पाहिजे. पण स्लॅब मीटरला आहे, माणसाला नाही, हे दर ठरवणाऱ्यांनी पण लक्षात घ्यावं.

आणि सोसायट्यांचं तर विचारूच नका. माझी बहीण गंगापूर रोडला २४ फ्लॅटच्या सोसायटीत राहते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचा कॉमन मीटर असतो आणि त्याला घरगुतीचाच दर लागतो. चांगलं आहे, पण तो एकच मीटर ना, तर ७०० युनिट झाली की शेवटची २०० थेट १९.१५ ने. मी काढून दिलं तिला, ७०० युनिटांचे १०,२८८ रुपये होतात, फिक्स चार्ज आणि शुल्क सोडून. तीच ७०० युनिटं २४ घरांत वाटली तर घरटी ३० पण होत नाहीत, आणि पहिल्या स्लॅबच्या दराने त्यांचे ४,०१८ झाले असते. मेंटेनन्स का वाढला म्हणून मीटिंगमध्ये सेक्रेटरीवर ओरडतात लोक, त्या बिचाऱ्याच्या हातात काय आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. सिलिंडरचं बघा. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी वाढला, त्याच दिवशी भाजी घ्यायला पवननगरच्या बाजारात गेले तर सगळ्या बायकांना माहिती होतं. मार्च २०२४ मध्ये १०० ने कमी झाला होता, तेव्हाही माहिती होतं. कारण एक सिलिंडर, १४.२ किलो, एक आकडा. त्याची पण किंमत वरूनच ठरते, पण ती आपल्याला आपल्या भाषेत कळते, म्हणजे रुपयात. वीजेचं तसं नाही. वीजेची बातमी टक्क्यात येते आणि बिल रुपयात येतं, आणि त्या दोघांच्या मध्ये पाच गोष्टी असतात, फिक्स चार्ज म्हणजे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार म्हणजे वीज वाहून आणायचा खर्च, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क. बातमी यातल्या नक्की कशाची आहे ते बातमी वाचून कळत नाही.

त्यात इंधन समायोजन म्हणजे काय ते मला माझ्या भावाने समजावलं. कोळसा महाग झाला, बाहेरून वीज महागात घ्यावी लागली, की मधला जादा खर्च या नावाने बिलात येतो, मूळ दर बदलायची वाट न बघता. २०२२ च्या जुलैपासून असाच आला होता, १०० युनिटपर्यंत ६५ पैसे, १०१ ते ३०० ला १ रुपया ४५ पैसे. आपल्याला वाटतं हा तात्पुरता आहे, चार-पाच महिन्यांनी जाईल. पण पुढच्या वेळी आयोग दर ठरवतो तेव्हा वाढलेला खरेदीखर्च मूळ दरातच धरला जातो. २०२२-२३ मध्ये पहिल्या १०० युनिटांचा नुसता वीज आकार ३.३६ होता, एप्रिल २०२३ ला तो ४.४१ झाला आणि एप्रिल २०२४ ला ४.७१. दुसऱ्या स्लॅबचा ७.३४, मग ९.६४, मग १०.२९. म्हणजे दोन वर्षांत ७.३४ चे १०.२९! मध्ये वहन आकार १.३५ चा १.१७ झाला म्हणून थोडं सावरलं. पण यातलं किती नवीन वाढलं आणि किती आधीच इंधनाच्या नावाने आपण भरत होतो, हे सामान्य माणसाने कसं वेगळं काढायचं? टक्केवारी काढताना आधीच्या दरात इंधन आकार धरला की वाढ छोटी दिसते, नाही धरला की मोठी दिसते. दोन्ही खरंच असतं, फक्त वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

२०२५ मध्ये तर अजूनच गोंधळ झाला. २८ मार्च २०२५ ला आयोगाने २०२५-२६ ते २०२९-३० अशा पाच वर्षांचे दर जाहीर केले, १ एप्रिलपासून लागू. पेपरात आलं दर कमी झाले. २ एप्रिलला त्याला स्थगिती, कारण महावितरणने फेरविचार मागितला. मग जूनअखेरपर्यंत जुनेच दर. २५ जूनला नवीन आदेश आणि १ जुलैपासून लागू. आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांना अजून वाटतं की एप्रिलमध्ये कमी झालेले दर जुलैमध्ये परत वाढवले, आणि अर्ध्यांना वाटतं दोनदा कमी झाले. फेरविचार मागायचा अधिकार आहे त्यांना, मान्य आहे. पण ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याला पण मधल्या तीन महिन्यांत काय चाललंय ते कळायला पाहिजे होतं.

आणि १६ टक्के वीज शुल्क, ते राज्य सरकारचं आहे, ते स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार सगळ्यावर लागतं. म्हणजे दर वाढला की शुल्क आपोआप वाढतं, त्यासाठी कोणाला काही जाहीर करावं लागत नाही. सुरक्षा ठेवीचं पण तसंच, ती दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असायला लागते आणि वर्षातून एकदा परत मोजतात, तर बिल वाढलं की पुढच्या वर्षी ठेवीचा फरक पण भरा. त्यावर व्याज मिळतं, पण उन्हाळ्यात शाळेची फी, पुस्तकं, कूलरचं वाढलेलं बिल हे सगळं एकदम आलेलं असतं तेव्हा ते व्याज काय कामाचं. नाशिकला पूर्वी कूलर लागायचा नाही हो, आता एप्रिलमध्ये ४० च्या पुढे पारा जातो, लागतोच.

एक चांगलं पण सांगते. जुलै २०२५ च्या दरांमध्ये ज्यांच्याकडे स्मार्ट किंवा टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा मीटर, आहे त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये वापरलेल्या वीजेवर २०२५-२६ साठी युनिटला ८० पैसे सूट होती. आमच्यासारख्या घरात बाई दिवसभर घरी असते तिथे वॉशिंग मशीन, इस्त्री, गिरणी दुपारी लावली तर थोडा फायदा होतो. पण वरची दोन मुलं ९ ते ५ कारखान्यात, त्यांना याचा काय उपयोग. नवरा-बायको दोघं नोकरीला जातात त्यांना पण नाही.

आमच्याकडे काही लोक म्हणतात इथे नाशिकजवळ एकलहऱ्याला वीज तयार होते, नाशिककरांनी धूर खायचा आणि बिलही तेवढंच भरायचं का. राग समजतो, पण एकलहऱ्याची वीज म्हणजे नाशिकची वीज असं होत नाही, कोळसा रेल्वेने लांबून येतो, वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते आणि महावितरणचा दर सगळीकडे सारखाच असतो. शेतकऱ्यांच्या फुकट वीजेवर पण लोक घसरतात. माझा भाऊ दिंडोरीला शेती करतो, त्याचा पंप साडेसात एचपीच्या आतला, त्याला बिल येत नाही २०२४ पासून, आणि त्याला ते मिळालंच पाहिजे, द्राक्षाचं काय होतं दरवर्षी ते मी बघते. पण त्याचे पैसे सरकारने सरकारच्या तिजोरीतून वेळेवर दिले पाहिजेत, दुसऱ्या घराच्या युनिटमधून निघता कामा नयेत, एवढंच.

तर माझं मागणं मोठं नाहीये. बिलावर मागच्या महिन्यांची युनिटं छापतात, तशीच एक ओळ छापा. दर बदलला की पहिले तीन महिने, "या महिन्यात तुम्ही जेवढी युनिटं वापरली तेवढ्याचे जुन्या दराने इतके झाले असते, नव्या दराने इतके झाले." बस. कॉम्प्युटरला दोन्ही दर माहितीच असतात. टक्के नकोत, पैसा-पै नको, रुपयात सांगा. आयोगाने आदेशातच हे घालावं, म्हणजे कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. आणि हरकती मागवताना पण असंच सांगा, की हा प्रस्ताव मंजूर झाला तर १०० युनिटवाल्याचं बिल इतकं होईल, ३०० वाल्याचं इतकं, मग बघा लोक हरकती घेतात की नाही. आत्ता ती जाहिरात वाचून कोणाला काय समजणार.

आणि तुमच्याकडे पण मागणं आहे, संपादक साहेब. पुढच्या वेळी दराची बातमी आली की टक्क्याच्या हेडलाइनखाली एक चौकट द्या, ७५, १००, १५०, ३०० आणि ५०० युनिटला जुनं बिल किती आणि नवीन किती, सगळे आकार आणि शुल्क धरून. कोणत्या युनिटपासून फायद्याचा तोटा होतो तो आकडा त्यात घाला, यावेळचा २७० होता. आणि खाली एक ओळ भाडेकरूंसाठी, सबमीटरवर असाल तर यातलं काहीच तुम्हाला आपोआप मिळणार नाही, वेगळा मीटर मागा.

वरच्या मुलांना मी सगळा हिशोब कागदावर लिहून दाखवला. वेगळा मीटर बसेपर्यंत १० ने द्या म्हणलं. आमचे पदरचे जास्त जातील महिनाभर, पण ९० युनिटवाल्याने १२ भरायचे हे आता माहिती झाल्यावर घ्यायला बरं वाटत नाही.

आपली वाचक,
सिडको, नाशिक